वानखडेकाकांचा डावा डोळा

"पहले मशीन का ज़ीरो दिखाइए, फिर मेरी आँख देखिए."

माझ्यासमोर स्टुलावर बसलेल्या पेशंटनं हे ऐकवलं, तेव्हा बाहेरच्या बाकांवर आणि बाकांमधल्या फरशीवर मिळून निम्मा पंजाब आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत होता. मी नुकतीच कोल्हापूरहून चंदिगडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, डोळ्यांच्या विभागात रुजू झाले होते. डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र बुबुळाला हलकेच टेकवायचं आणि डोळा आतून किती ताठ झालाय ते बघायचं, एवढंच काम होतं. "काय कटकट आहे बाई!" मी पुटपुटले. परमुलखात मराठीत पुटपुटण्याचा हा फायदा, की पोटातली वाफ निघून जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण स्टुलावरचा माणूस ताठ बसला.

"कटकट नाही पोरी. तू माझा डोळा तपासून राहिली, तं तुह्या यंत्राले कोणं तपासलं?"

झाली ना पंचाईत! या यंत्राबरोबर एक वजनाची दांडी येते. ती अडकवली की यंत्र खरं बोलतंय का ते कळतं. आमच्याकडे ती कुठल्याशा खणात होती, एवढंच मला ऐकून माहीत. दोन-तीन खण उपसल्यावर ती सापडली. मी तणतणतच ती अडकवली. यंत्र चोख होतं. मी जिंकल्याच्या थाटात त्यांच्याकडे बघितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बरं हाये. आता ठेवतो हनुवटी." दाबही चोख निघाला. जाताना विचारलं, "जेवायला भाकर मिळते का तुले इथं? रविवारी आमच्या घरी ये, खरड गावात. काकू ठेचा करते."

हे वानखडेकाका. मूळचे अमरावतीचे. सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या सरकारी प्रयोगशाळेत भिंगं आणि मोजमापाची यंत्रं बनवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. बुटका, काळासावळा माणूस, अंगात सदैव राखाडी सफारी, आणि थंडी पडली की त्यावर काकूंनी विणलेला, बाह्या आखूड झालेला स्वेटर. उजवा डोळा नोकरीत असतानाच गेला होता, आतला पडदा सुटून. काय होता तो डावा. सरकारी क्वार्टर सोडावं लागल्यावर त्यांनी चंदिगडजवळच्या खरड गावात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, कारण चंदिगडात घर घ्यायचं तर मंत्रीच व्हायला हवं, असं त्यांचं मत होतं. मुलगा संजू बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये होता. तो जन्मला, वाढला चंदिगडात. आईबाप मराठीत बोलत आणि तो हिंदीत उत्तरं देई, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

मी रविवारी गेले, आणि मग जातच राहिले. काकांशी भांडायला मजा यायची, हे खरं कारण. ठेचा दुसरं.

काका कुठल्याच आकड्यावर सुखासुखी विश्वास ठेवत नसत. वाण्याचा काटा, रिक्षाचा मीटर, टीव्हीवर सांगतात ते तापमान, सगळ्यांची उलटतपासणी व्हायची. "एकट्या यंत्राचं ऐकू नये. दोघांनी एकमेकांले न विचारता तेच सांगितलं, तं मानावं," हे त्यांचं पालुपद. एकदा कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी तिथलं दाबाचं यंत्र तपासायला लावलं आणि ते खरंच जास्तीचा आकडा दाखवत होतं. त्यानंतर महिनाभर काकांचा चेहरा असा होता, जणू पोराचं लग्न ठरलंय. काकू म्हणायच्या, "बाप्पा, लोकायच्या यंत्रायच्या खोड्या काढण्यात जन्म गेला यायचा! घरचा पंखा वाजून राहिला, तो नाही दिसत!"

या काकूंना मधुमेह होता, आणि हात थरथरायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. इन्शुलिन स्वतः घेणं शक्यच नव्हतं. ते काम काकांचं. सकाळ-संध्याकाळ ते खिडकीशी जाऊन उभे राहत, सिरिंज उजेडात धरत, टिचकी मारून बुडबुडा काढत आणि त्या केसासारख्या रेघांकडे बघत थांबत. मग वळून विचारत, "दाबू?" काकू म्हणत, "दाबा." वर्षानुवर्षं रोज हेच चालायचं. टिकटिक करत डोस ठरवणारं इन्शुलिनचं पेन बाजारात आलं होतं, मी तेही सुचवलं. "टिकटिक आवाज मोजून औषध देऊ काय मी हिले? मले रेघ दिसली पाहिजे." खालच्या मजल्यावरच्या सिमरन आंटी म्हणाल्या, भाईसाब, मी देत जाईन. काकांनी हात जोडले, "जी, आपका बहुत शुक्रिया. ये मेरा काम है." यात प्रेम किती आणि हेका किती, मला कधी वेगळं काढता आलं नाही.

मग एका सकाळी काका उठले आणि त्यांच्या एकुलत्या डोळ्याचा मधलाच भाग पुसट झाला होता. डोळ्यामागच्या पडद्यातली एक रक्तवाहिनी तुंबली होती आणि जिथून आपण वाचतो, बारीक बघतो, नेमका तिथं पाणी साठून सूज आली होती. दुसरा कुणी असता तर धावत दवाखान्यात आला असता. काकांनी आधी सिरिंज भरली. अंदाजानं. काकूंना घाम फुटला, जीभ जड झाली, आणि त्या ओट्याशीच कोसळल्या. सिमरन आंटींनी साखर चारली म्हणून वाचल्या.

दुपारी काका माझ्यासमोर येऊन बसले ते थेट सांगायलाच. "दुप्पट भरलं मी. आयुष्यभर केसाच्या शंभराव्या भागाचं मोजमाप केलं, आणि घरची रेघ चुकलो." त्या माणसाला मी असा कधी बघितला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या वेळी अशा सुजेवर डोळ्याच्या आत स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याची पद्धत नवीनच आली होती. काकांना ते दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणतात, "पोरी, डोळ्यात पिठाची गिरणी सुरू हाये." औषधाचे पांढरे कण तरंगताना त्यांना दिसत होते. मग कण खाली बसले, सूज ओसरली, आणि काकांना पुन्हा रेघा दिसू लागल्या. मधल्या काळात सिमरन आंटींना इन्शुलिन द्यायला त्यांनी परवानगी दिली होती, तीही तोंड वाकडं करून. आता त्यांनी आंटींना मिठाईचा डबा दिला आणि सिरिंज परत ताब्यात घेतली.

या औषधाची एक वाईट खोड आहे. काही लोकांत ते डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अडवतं. पाणी आत तयार होतच राहतं आणि दाब चढतो. दुखत नाही, लाल होत नाही. समोरचं छान दिसत असतं. आणि मागं नस गुपचूप मरत असते, आधी कडेची नजर खात खात. म्हणून मी काकांना बजावलं होतं, की दिसो न दिसो, सांगितल्या वेळी दाब मोजून घ्यायचा. खरडहून येणं अवघड असेल तर तिथं जवळपास मोजा, पण मोजा.

ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरनं दाब मोजला आणि घाबरून सांगितलं, फार चढलाय, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि आमचे काका हसले! या दवाखान्याचं यंत्र जास्त दाखवतं, हे त्यांनी स्वतः सिद्ध केलं होतं ना. यंत्र नंतर दुरुस्त झालंय, असं तो बिचारा डॉक्टर सांगत होता. काकांनी त्यालाच कॅलिब्रेशनवर व्याख्यान दिलं आणि घरी जाऊन जेवले. दिसतंय तर स्वच्छ, मग काय होणार? सगळा जन्म यंत्रांत काढलेला माणूसच अशी चूक करू शकतो. बाकी कुणीही असता तर त्या आकड्याला भ्यायला असता.

आठवडे गेले. मग काका एकदा दाराच्या चौकटीला धडकले, एकदा सायकलवाल्याला. काकूंनी हट्टानं त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी दाब मोजला. असावा त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"दांडी लाव," काका म्हणाले.

लावली. यंत्र चोख होतं. शेजारच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टरकडून दुसऱ्या यंत्रावर मोजून घेतलं. तोच आकडा. मग मी भडकले. ओपीडी भरलेली होती, लोक बघत होते, पण कोल्हापूरकडची जीभ एकदा सुटली की सुटली. "काका, तुम्हाला एकच डोळा आहे! एकच! त्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा का आला नाहीत? काय मोठे शहाणे लागून गेलात हो तुम्ही!"

काका म्हणाले, "तीन यंत्रं तेच सांगून राहिली. तं चूक माझी हाये." ना सबब, ना नशिबाला बोल. कडेची बरीचशी नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती, तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "जे गेलं ते माझ्या हेक्यानं गेलं. आता उरलं ते कसं राहील, सांग."

थेंब सुरू झाले, एकावर एक, बाटल्यांची रांग. गोळ्याही दिल्या. त्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या, आणि बोटांना मुंग्या म्हणजे सिरिंज धरायची पंचाईत. काका टेबलावर हात आपटून बोटं जागी करायचे आणि मग सिरिंज उचलायचे. मी म्हटलं, आता तरी आंटींना देऊ द्या. "काहून? हात माझे, बायको माझी, आंटीले काहून त्रास?" दाब थोडा उतरला, पुरेसा नाही. आणि त्यातच औषधाचा असर संपला आणि मधली सूज परत आली.

आमच्या विभागाचे सर पंजाबी, उंचेपुरे, हात अतिशय हलका आणि बोलणं मोजकं. त्यांनी काकांना समजावलं. "वानखडे जी, आपकी आँख स्टेरॉइड नहीं सहती. दोबारा दिया तो प्रेशर फिर चढ़ेगा. बची हुई नस भी जाएगी. हम नहीं देंगे."

"और नहीं दिया तो?"

"बीच का धुंधला रहेगा. पर चल-फिर लेंगे. घर में काम चल जाएगा."

"घर में ही तो काम है जी," काका म्हणाले. "चल-फिर के क्या करूँ? सुखना लेक के चक्कर लगाऊँ?"

सरांना इन्शुलिनचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. मग काका पुढं सरकले. "सर, आप बोलते हैं पानी निकलने का रास्ता बंद है, इसलिए दवा नहीं देंगे. तो नया रास्ता बनाइए ना. फिर दवा दीजिए."

सर किंचित हसले. तसं ऑपरेशन होतंच आणि त्यांच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. डोळ्याच्या भिंतीत बारीक वाट करायची, पाणी पापणीखाली झिरपू द्यायचं. "पर एक ही आँख है. इन्फेक्शन हुआ, प्रेशर ज़्यादा गिर गया, तो जो है वो भी नहीं रहेगा. इतना रिस्क मैं खुद होकर नहीं कहूँगा."

"आप मत कहिए. मैं कह रहा हूँ."

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. अगदी कडाकडा. म्हटलं, पेन घ्या, आंटींना सांगा, नर्स ठेवा, हजार वाटा आहेत, आणि तुम्ही आहे तो डोळाही पणाला लावताय! काका व्हरांड्यात थांबले. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, कारण आता समोर वळल्याशिवाय त्यांना माणूस दिसत नसे.

"पोरी, इकडं आड नि तिकडं विहीर दाखवून राहिले तुमी लोक मले. सूज ठेवली तं मधलं जाते, औषध घेतलं तं कडेचं जाते. आणि मी काय म्हणावं? बरं साहेब, हे घ्या मधलं? नाही देत. मधलंही नाही देत आणि उरलं तेवढं कडेचंही नाही देत. माझ्या चुकीनं गेलं ते गेलं. आता समजून-उमजून एक रेघ नाही देणार."

रागही आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. पाया पडले नाही. चहा पाजला.

ऑपरेशन सरांनी केलं. पट्टी सुटेपर्यंत काका घरात आंधळे होते आणि काकू थरथरत्या हातांनी त्यांना घास भरवत होत्या. निम्मा घास सफारीवर सांडायचा. इन्शुलिन आंटी देत होत्या, आणि काका पलंगावरून हुकूम सोडत, "आंटी जी, बुडबुडा निकाला?" आंटी सांगत, "निकाल दिया, भाईसाब, जान मत खाओ!" दाब उतरला. उतरून तिथंच राहिला. मग सरांनी ते इंजेक्शन पुन्हा दिलं. त्यानंतरचे आठवडे मी जीव मुठीत धरून त्यांचा दाब मोजत होते. चढला नाही. नवी वाट काम करत होती.

मी पुढच्या रविवारी खरडला गेले, तेव्हा काका खिडकीशी सिरिंज घेऊन उभे होते. डोकं इकडेतिकडे हलवून त्यांनी नजरेच्या मधल्या तुकड्यात ती रेघ पकडली. "दाबू?" "दाबा." काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच मला म्हणाल्या, "कांद्यानं आलं." कांदा तर मी चिरत होते.

ही व्यवस्था टिकली. सूज परतून यायची, काका हजर व्हायचे, सर इंजेक्शन द्यायचे, मी दाब मोजायचे. दरम्यान खरडला शेतं जाऊन कॉलेजं आली, काकांच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, सिमरन आंटींची मुलं कॅनडाला गेली. काकांना जत्रेत, रस्त्यात, जिन्यात हात धरावा लागे, आणि धरला की ते झटकून टाकत. "मले समोरचं दिसते. बाजूच्यांनी आपलं आपलं पाहावं." लोक त्यांना धडकत आणि तेच लोकांना रागवत.

मग एका हिवाळ्यात, धुकं दाटलेलं असताना, काकू गेल्या. हृदय थांबलं. सकाळचं इन्शुलिन देऊन काका चहा ठेवायला वळले, तेवढ्यात. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचा डोस एका रेघेनंही चुकला नव्हता, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. संजू आला. सगळं झाल्यावर त्यानं फ्लॅट विकायची आणि वडलांना बंगळुरूला न्यायची तयारी केली. चांगला मुलगा आहे तो. बापाची काळजी होती त्याला.

काकांची इंजेक्शनची तारीख त्याच दिवसांत आली. सूज पुन्हा वाढली होती. काका येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले, संजूचा हात न धरता. सुतकी चेहरा, दाढी वाढलेली, सफारीला इस्त्री नाही. संजूनं मला बाजूला घेतलं, पण काकांना ऐकू जाईल एवढ्या जवळच. म्हणाला, "डॉक्टर, आप ही समझाइए ना. इस उम्र में आँख में बार-बार सुई… हर बार डर लगता है. मम्मी के लिए करते थे, ठीक था. अब मम्मी नहीं हैं." मग वडलांकडे वळून, फार मायेनं, "पापा, अब छोड़ो ना. अब किसके लिए?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. सरांच्याही आलं असेल. आम्ही सगळ्यांनीच त्या डोळ्याची किंमत सिरिंजच्या रेघांवर ठरवून टाकली होती.

काकांनी मान हळूहळू फिरवली. आधी मुलगा त्यांच्या नजरेच्या तुकड्यात आला, मग मी.

"किसके लिए म्हणजे? माझ्यासाठी. तुझी माय होती तवा तिच्यासाठी पाहत होतो, मन भरून पाहिलं. आता ती गेली, तं मी काय वस्तू हाओ, झाकण लावून ठेवाले? बहात्तर वर्षांचा जिता माणूस हाओ मी. मले पहायचं हाये."

संजू रडायला लागला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण चेहरा माझ्याकडेच होता. मग ते स्वतःच ऑपरेशनच्या टेबलाकडे चालू लागले, वाटेत एका ट्रॉलीला धडकले, ट्रॉलीवाल्यावर खेकसले, आणि टेबलावर चढून उताणे पडले.

"चल पोरी, सरायले बोलाव," ते म्हणाले. त्यांचा डोळा सताड उघडा होता.